पोच आली काय?

व्यापारात माल रवाना झाला म्हणजे व्यवहार पुरा झाला, असे कोणी मानीत नाही. बिल्टी हाती असली तरी समोरच्या पेढीवरून पोच येईपर्यंत मुनीम त्या नोंदीपुढे खूण करीत नाही. गोरगरीब रुग्णाची रुग्णालयातून घरी रवानगी होते, तेव्हा मात्र पोच मागण्याची चाल नाही. तो आपल्या वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचला की वाटेतच हरवला, याची चौकशी बहुधा कोणीच करीत नाही. सभासद बंधुभगिनींचे लक्ष या उणिवेकडे वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काही आजार रुग्णालयात संपतात. परंतु मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, क्षय हे तेथे केवळ आटोक्यात येतात. त्यांचा खरा उपचार घरी, महिनोन्‌महिने चालावयाचा असतो. साध्या क्षयाचे औषधही सहा महिने घ्यावे लागते. काही आठवड्यांत खोकला कमी होतो, अन्न गोड लागते, आणि रोजंदारीवरचा मनुष्य औषध सोडून कामास लागतो. अशा अर्धवट उपचारांतूनच औषधास दाद न देणारा क्षय उद्भवतो.

बेळगावच्या आमच्या बाजार आवारातील एका हमालाची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. मधुमेहामुळे पायाची जखम चिघळली म्हणून तो रुग्णालयात राहिला. जखम भरत आली. पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि एक कागद देऊन त्यास घरी पाठविण्यात आले. हा गृहस्थ घरी मराठी बोलतो, आवारात कानडी बोलतो. कागद होता इंग्रजीत. पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवावे, असे त्यात लिहिले होते. हमाली पोत्यामागे मिळते. ज्या दिवशी पोते उचलले नाही, त्या दिवसाची कमाई नाही. रुग्णालयाच्या रांगेत एक दिवस घालविणे त्यास परवडले नाही. गोळ्या संपल्या. दोन महिन्यांनी तो पुन्हा दाखल झाला, आणि पायाची दोन बोटे गमावून परत आला. त्याच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर सरकारी आरोग्य केंद्र होते. मधुमेहाच्या गोळ्या तेथे विनामूल्य मिळतात, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणजे उणीव केवळ संस्थांची नाही. भोर समितीने १९४६ साली प्राथमिक आरोग्य केंद्रांची योजना मांडली आणि १९५२ पासून तशी केंद्रे उघडू लागली. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली; तीत पात्र कुटुंबास वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात, आणि घरी आल्यानंतर १५ दिवसांपर्यंतचा औषधखर्चही त्यातच धरलेला आहे. प्रश्न आहे तो सोळाव्या दिवसाचा. रुग्णालय एका तीरावर, आरोग्य केंद्र दुसऱ्या तीरावर. मध्ये साकव नाही.

असा साकव बांधता येतो, याचे उदाहरण आपल्यापुढे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातीलच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याची पद्धत बसविली. तेथील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ पासून सरकारने ही पद्धत देशभर लागू केली. बाळंतीण रुग्णालयातून घरी आली की आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी यावी, असा नियम आहे. दिवस ठरलेले, माणूस ठरलेले. बाळासाठी जे केले जाते, ते कुटुंबाच्या कमावत्या माणसासाठी का होऊ नये?

औषधदान हे आपल्या समाजात चार दानांपैकी एक मानले जाते. रुग्णालयांस खाटा, यंत्रे, रुग्णवाहिका देण्यात आपला हात कधी आखडला नाही. आता त्यास थोडी जोड द्यावी, अशी आमची विनंती आहे. आपल्या पेढीवरील हमाल, तोलार, गाडीवान अगर घरातील मोलकरीण रुग्णालयातून परतली, तर तीन दिवसांच्या आत तो कागद जाणत्याकडून वाचवून घ्यावा आणि कोणती गोळी केव्हा, हे त्यांच्या भाषेत लिहून द्यावे. औषधात बदल मात्र डॉक्टरांवाचून कोणी सुचवू नये. पहिल्या खेपेस आरोग्य केंद्रापर्यंत सोबत माणूस द्यावा. तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नये; हमालास त्या दिवसाची सरासरी कमाई द्यावी.

संघाने याहून एक पाऊल पुढे टाकावे. मराठी व कानडी दोन्ही जाणणारी एक सेविका नेमून तिच्याकडे एक वही द्यावी. रुग्णाचे नाव, घरी आल्याची तारीख, गोळ्या संपण्याची तारीख, पुढील तपासणीचा दिवस, आणि शेवटचा रकाना ‘पोच’ एवढीच त्यात नोंद असावी. एका रुग्णवाहिकेच्या किमतीत हे काम कित्येक वर्षे चालेल. येत्या वार्षिक सभेत हा विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा, अशी कार्यकारी मंडळास आमची आग्रहाची विनंती आहे.