पटकीचं विष पेशीत काय करतं?

पटकीचा जंतू आतड्याच्या पेशीत शिरत नाही. आत जातं ते त्याचं विष. जंतू नव्हे, त्याचं विषच जुलाब घडवतं, हे कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. जंतू गाळून उरलेला द्रव त्यांनी सशाच्या आतड्यात सोडला, तरीही आतडं पाण्यानं फुगलं.

या विषाचे पाच भाग पेशीला चिकटतात, सहावा आत जातो. तो एक विकर आहे. पेशीतल्याच एनएडी रेणूचा तुकडा तोडून तो ‘जी’ प्रथिनातल्या एका आर्जिनिनवर डकवतो. एरवी हे प्रथिन निरोप पोचवून स्वतःच बंद होतं. आता मात्र चावी अडकलेल्या नळासारखं चालूच राहतं. त्यामुळे पेशीत सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायन वाढतं, क्लोराइडचे मार्ग उघडतात आणि क्षारांमागोमाग पाणी वाहू लागतं. आजार तीव्र असेल तर तासाला लिटरभरसुद्धा.

पण ग्लुकोजच्या जोडीनं सोडियम शोषणारी वाट या विषाला बंद करता येत नाही. मीठ-साखरेचं पाणी तिथूनच आत जातं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्यावर असंख्य रुग्ण वाचवले. म्हणून जुलाब सुरू होताच हेच पाणी, म्हणजे ओआरएस, पाजा आणि दवाखाना गाठा.