नळी बांधण्याआधी विचारा

नाशिकच्या इंदिरानगरात काय किंवा खेड्यात काय, ‘ऑपरेशन झालं’ म्हणजे नसबंदी, आणि तीही बाईचीच! महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची ती झालेली आहे. आता संशोधन सांगते की, अंडाशयाच्या कर्करोगाचा सर्वात घातक प्रकार बहुधा गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतो. तो वेळीच पकडणारी खात्रीची तपासणी नाही. नळ्या नुसत्या न बांधता पूर्ण काढल्या तर धोका घटतो. अंडाशय शाबूत, पाळीही चालू. केवळ एवढ्यासाठी पोट उघडू नये. पण ऑपरेशन ठरलेच असेल, तर हा पर्याय आमच्या आयाबहिणींना कोण सांगणार? १९३८ साली बाबासाहेबांच्या पुढाकाराने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला होता. देह तिचा, तर माहितीवर हक्कही तिचाच! भगिनींनो, कागदावर सही-अंगठा करण्याआधी डॉक्टरांना विचारा.