कांद्याचा वरचा पापुद्रा

हंगेरीतलं सेगेद हे गाव लाल मिरचीसाठी प्रसिद्ध. तिथल्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी मिरचीतूनच क जीवनसत्त्व वेगळं काढत असत. 1936 साली त्यांच्या आणि त्यांचे सहकारी रुस्न्याक यांच्या लक्षात एक गोष्ट आली. ज्या रुग्णांच्या केशवाहिन्यांतून रक्त झिरपून त्वचेखाली डाग पडत, त्यांच्यापैकी काहींना मिरचीचा किंवा लिंबाचा अशुद्ध अर्क लागू पडे, शुद्ध क जीवनसत्त्व मात्र पडत नसे. गुण अशुद्धतेतच होता. ती अशुद्धता म्हणजे फ्लॅवोनॉइड नावाची वनस्पतींतली रसायनं. सेंट-ग्यॉर्गींनी तिला ‘पी जीवनसत्त्व’ म्हटलं. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, पण ते दुसऱ्या कामासाठी. फ्लॅवोनॉइड खाण्यात नसल्यामुळे होणारा असा रोग काही सापडेना, तेव्हा 1950 च्या सुमारास जीवनसत्त्वांच्या यादीतून ‘पी’ वगळलं गेलं.

मग बरीच वर्षं या रसायनांना कोणी विचारलं नाही. 1993 मध्ये नेदरलँड्समधल्या झुटफेन गावातल्या 65 ते 84 वयाच्या 805 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खाण्यात फ्लॅवोनॉइड जास्त, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी, असं त्यात दिसलं. रोजचं सरासरी प्रमाण होतं अवघं 26 मिलिग्रॅम. त्यातलं 61 टक्के चहातून, 13 टक्के कांद्यातून आणि 10 टक्के सफरचंदातून येत होतं. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. कांदा खाणाऱ्याच्या इतर सवयीही चांगल्या असू शकतात. पण बाजाराला एवढं पुरेसं होतं. ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द बिस्किटाच्या पुड्यावर जाऊन बसला.

त्यामागची समजूत अशी होती. पेशींत ऊर्जा तयार होताना प्राणवायूचे काही आक्रमक रेणू सुटतात. त्यांचं प्रमाण पेशीला आवरेनासं झालं की चरबी, प्रथिनं आणि डीएनए यांची मोडतोड होते. हा झाला ऑक्सिडेटिव्ह ताण. फ्लॅवोनॉइड हे रेणू गाठून त्यांना शांत करतात. परीक्षानळीत ते करतातही, आणि झकास करतात.

शरीरात मात्र हिशेब जुळत नाही. आतडं आणि यकृत फ्लॅवोनॉइडला परकं समजून त्याला शर्करा-आम्ल किंवा सल्फेट जोडतात आणि बाहेरची वाट दाखवतात. जेवणानंतर रक्तात त्याचं प्रमाण सहसा लिटरमागे एक मायक्रोमोलही भरत नाही. क जीवनसत्त्व त्याच्या कितीतरी पट असतं आणि युरिक आम्ल तर शेकडो पट. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची ऑक्सिडीकरणविरोधी क्षमता वाढते, हे खरं. पण अमेरिकेतल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवून दिलं, की तिचं श्रेय मुख्यतः फळातल्या फ्रुक्टोजचं. त्याने युरिक आम्ल वाढतं, आणि क्षमता वाढते ती त्यामुळे. इतकी वर्षं चुकीच्या माणसाचा सत्कार चालला होता म्हणायचा!

मग फ्लॅवोनॉइड करतात तरी काय? मला पटणारं उत्तर असं, की ते स्वतः लढत नाहीत, पेशीला डिवचतात. पेशीत एनआरएफ-2 नावाचं प्रथिन असतं. एरवी कीप-1 हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि नष्ट करवतं. कांद्यातल्या क्वेर्सेटिन या फ्लॅवोनॉइडचं ऑक्सिडीकरण झालं, की तयार होणारा रेणू कीप-1 मधल्या गंधकाच्या गटांना चिकटू शकतो. पकड सुटते, एनआरएफ-2 केंद्रकात जातं आणि ग्लुटाथायोन हे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट बनवणाऱ्या विकरांची जनुकं जागी करतं. दाह पेटवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला आवर घालण्याचंही काम फ्लॅवोनॉइड करतात. मात्र यातले बरेच प्रयोग पेशींवर झालेत, आणि ताटातून कधीच मिळणार नाही एवढ्या मात्रेत.

कांद्याकडे वळू, कारण तो आपल्या घरचा विषय. त्यातलं क्वेर्सेटिन ग्लुकोजला जोडलेलं असतं, म्हणून लहान आतड्यात चांगलं शोषलं जातं. 1995 च्या एका डच प्रयोगात कांद्यातून 52 टक्के, तर शुद्ध क्वेर्सेटिनमधून 24 टक्केच शोषलं गेलं. लाल आणि पिवळ्या कांद्यात ते भरपूर असतं, पांढऱ्यात जवळजवळ नसतंच. अलिबागचा पांढरा कांदा खावा तो गोडीसाठी. शिवाय क्वेर्सेटिन साठतं बाहेरच्या पापुद्र्यांत, आणि घाईत सोलताना वाळलेल्या सालीबरोबर आपण नेमका पहिला रसरशीत थरही कचऱ्यात टाकतो. उकळलं की ते पाण्यात उतरतं. पाणी ओतून दिलं तर गेलं, रस्सा केला तर ताटात आलं.

चहाचं दुखणं वेगळं. बर्लिनमध्ये 16 स्त्रियांवर झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काळ्या चहाने रक्तवाहिन्या सैलावल्या, पण दूध घालताच हा परिणाम नाहीसा झाला. संशोधकांनी दोष दिला दुधातल्या केसिनला. दुसऱ्या काही अभ्यासांत दुधामुळे असा फरक पडलेला नाही. त्यामुळे आपल्या उकळलेल्या चहाला एवढ्यात सुळावर चढवायला नको.

आजवरची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. 21,442 ज्येष्ठांपैकी निम्म्यांना रोज कोकोतले 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल (फ्लॅवोनॉइडचाच एक प्रकार) दिले, उरलेल्यांना नुसती दिखाऊ गोळी. 2022 मध्ये निकाल लागला. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस घट नाही. हृदयविकाराने झालेले मृत्यू 27 टक्क्यांनी कमी, पण तो मुख्य निकष नव्हता.

दुकानात क्वेर्सेटिनची 500 मिलिग्रॅमची गोळी मिळते. तेवढ्यासाठी किलोभराहून जास्त लाल कांदा खावा लागेल. एवढ्या मात्रेची पेशीला सवय नाही, आणि डिवचण्यालाही मर्यादा असते. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांबाबत युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये इशारा दिला, की त्यातलं मुख्य कॅटेचिन (हेही एक फ्लॅवोनॉइडच) गोळीवाटे रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं, तर यकृताला इजा झाल्याची लक्षणं रक्तात दिसू लागतात. कपात पाणी ओतून केलेल्या चहाला मात्र त्यांनी साधारणपणे सुरक्षित ठरवलं.