माहितीच्या कोठाराचें दार

नवापूर तालुक्यांतील चिंचपाडा हें सुरत–भुसावळ लोहमार्गावरील एक लहानसें स्थानक. हा मार्ग आतां दुहेरी झाला आहे. पूर्वीं तो एकेरी होता. एकेरी मार्गाची जुनी शिस्त अशी, कीं टोकन हातीं पडल्याखेरीज चालकानें गाडी पुढें न्यावयाची नाहीं, आणि टप्पा संपतांच तें परत करावयाचें. टोकन अडकलें, कीं मागची गाडी खोळंबली. संकेतस्थळें ज्या माहितीच्या कोठारावर, म्हणजे डेटाबेसवर, चालतात, तेथील व्यवहारही पुष्कळसा असाच आहे.

हा विषय केवळ यंत्रज्ञांचा नव्हे. याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गावीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. आज शिधा, शिष्यवृत्ति व निवृत्तिवेतन यांच्या नोंदी अशाच कोठारांत असतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा अखेरचा दिवस आहे आणि पाड्यावरील विद्यार्थिनी पडद्यासमोर ताटकळत बसली आहे, असें झाल्यास दोष तिचा नसतो. कित्येकदां तो कोठाराच्या दाराशीं असतो.

संकेतस्थळ रचण्यासाठीं जी तयार चौकट वापरतात तिला फ्रेमवर्क म्हणतात. ‘जँगो’ ही त्यांपैकीं एक. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांतल्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत ती निर्माण झाली आणि २००५ सालीं सर्वांस खुली झाली. कोठार कोणतें, तें कोणत्या यंत्रावर आहे, तेथें कोणत्या नांवानें व कोणत्या पासवर्डनें जावयाचें, हें सारें तिच्या सेटिंग्जच्या फायलींत सांगावें लागतें.

एक जोडणी उघडणें हें फुकटचें काम नव्हे. ओळख पटवावी लागते, आणि ‘पोस्टग्रेस’ हें कोठार तर प्रत्येक जोडणीमागें एक स्वतंत्र प्रक्रिया चालवितें. म्हणून त्यानें मूळची मर्यादा १०० जोडण्यांची ठेविली आहे. जँगो आपण होऊन प्रत्येक मागणीसाठीं नवी जोडणी उघडते आणि काम होतांच मिटते. वेळ वाचविण्यासाठीं जोडणी कांहीं सेकंद उघडी ठेवतां येते. मात्र तेथें हिशेब चुकतां कामा नये. सहा सर्व्हर आणि प्रत्येकावर वीस कामकरी असले, तर जोडण्या १२० होऊं शकतात. दारें शंभरच! उरलेल्यांस नकार मिळतो, आणि तो नेमका गर्दीच्या दिवशीं मिळतो.

यावर उपाय म्हणजे जोडण्यांचा सामाईक संच. ठराविक जोडण्या उघड्या ठेवावयाच्या, ज्यास गरज त्यानें एक घ्यावी आणि काम होतांच परत करावी. पोस्टग्रेससाठीं ही सोय जँगोमध्येंच २०२४ च्या ५.१ या आवृत्तींत आली. पण संच मोठा केला म्हणजे काम भागलें, असें नाहीं. जो कार्यक्रम घेतलेली जोडणी परत करीत नाहीं, तो कितीही मोठा संच रिता करील. मर्यादा वाढविण्यापूर्वीं गळती शोधावी, हें शहाणपण.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. पासवर्ड कार्यक्रमाच्या मजकुरांतच लिहून ठेविला, तर मजकुराची प्रत ज्याच्या हातीं जाईल त्याच्या हातीं कोठाराची किल्लीही जाते. म्हणून तो सर्व्हरच्या परिसरांत वेगळा ठेवावा. चाचणीचें कोठार व खरें कोठार यांच्या सेटिंग्जही निराळ्या असाव्यात. नाहींतर चाचणी पुसतांना लोकांच्या खऱ्या नोंदी पुसल्या जातील.

फायलींतील ह्या चार ओळी कोणाच्याही दृष्टीस पडत नाहींत. त्या विचारपूर्वक लिहिल्या, तर अखेरच्या दिवशींही अर्ज वेळेवर पोंचतो; आणि दूरच्या पाड्यावरील माणसास सरकारदरबाराचें दार उघडें सांपडतें.