सार्जंट यॉर्क आणि गहाण पडलेली शेती

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, केंटकीच्या सीमेलगत पॉल मॉल नावाचे एक डोंगराळ खेडे आहे. तेथे लाकडी ओंडक्यांच्या दोन खोल्यांच्या घरात १३ डिसेंबर १८८७ रोजी आल्विन यॉर्क जन्मला. अकरा भावंडांतला तो तिसरा. वडील शेती व लोहारकाम करीत. शिक्षण जेमतेम नऊ महिन्यांचे. १९११ मध्ये वडील वारले. थोरले भाऊ संसार थाटून दूर गेलेले, म्हणून आईचा व धाकट्यांचा भार याच्या खांद्यावर आला. नेम अचूक, परंतु दारू, जुगार व मारामारी यांतही तो तितकाच पटाईत होता. १९१५ च्या आरंभी त्याने हे सारे सोडले आणि युद्धाला विरोध करणाऱ्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाची दीक्षा घेतली.

अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या वाचकांस त्याचा पुढील पेच सहज उमगेल. १९१७ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली. त्याने धर्माच्या आधारे सूट मागितली, ती नाकारली गेली. छावणीत मेजर बक्स्टन यांनी त्याला दटावले नाही. बायबल समोर ठेवून त्याच्याशी वाद केला आणि विचार करण्यास रजा दिली. डोंगरात एकांती प्रार्थना करून तो परतला, लढण्यास राजी होऊन.

८ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्समधील आर्गॉनच्या अरण्यात सतरा जणांची त्याची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. सहा जण ठार, तिघे जखमी झाले. यॉर्कने एक-एक शत्रू टिपला. शरण या, असे आपण ओरडून सांगत होतो, असे त्याने स्वतः नमूद केले आहे. अखेरीस १३२ जर्मन सैनिक कैद झाले. वीसहून अधिक मृत्युमुखी पडले. देशाचे सर्वोच्च शौर्यपदक त्याला लाभले. ज्या हातांनी शस्त्र नाकारले होते, त्याच हातांनी हे घडले. याचा हिशेब कोणी कसा मांडावा?

मे १९१९ मध्ये तो न्यूयॉर्कला आला, तेव्हा तेथील शेअरबाजाराच्या सभासदांनी व्यवहार थांबवून त्याला खांद्यावर मिरवले. जाहिराती, चित्रपट, रंगमंच यांची मोठमोठी आमंत्रणे आली. त्याने ती बहुतेक सारी नाकारली, गावी जाऊन ७ जून रोजी ग्रेसीशी विवाह केला. दहा मुले झाली, काही अर्भकावस्थेतच दगावली. एका मुलाचे नाव त्याने बक्स्टन यांच्यावरून ठेवले.

आता बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला जो भाग विशेष वाटतो, त्याकडे वळतो. नॅशव्हिलच्या रोटरी क्लबने त्याला सुमारे चारशे एकरांची शेती देण्याचा संकल्प सोडला. वर्गणी पुरेशी जमली नाही, त्यामुळे शेतीबरोबर हप्तेही त्याच्या माथी आले. युद्धोत्तर मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. १९२१ मध्ये सार्वजनिक निधीने ती शेती कशीबशी सोडवली. सत्काराचे दान घेताना त्यावरील बोजा तपासावा, हे सांगायला त्याला कोणी नव्हते.

तरीही त्याने तीच चूक स्वखुशीने केली! आपल्याला न मिळालेली शाळा डोंगरातील मुलांना मिळावी, म्हणून १९२६ मध्ये त्याने जेम्सटाउन येथे संस्था काढली. मुलांच्या बसगाड्यांचा खर्च निघेना, तेव्हा स्वतःची शेती गहाण टाकली. कोणत्याही बँकेने असे तारण घेताना कर्जदाराला दोनदा विचारले असते. १९३७ मध्ये शाळा राज्याकडे गेली.

बायबल-शाळेसाठी पैसा हवा, म्हणून अखेर त्याने चित्रपटास होकार दिला. १९४१ चा ‘सार्जंट यॉर्क’ गाजला, गॅरी कूपरला ऑस्कर मिळाले. यॉर्कला मिळालेल्या मानधनातील बरेचसे त्याने देऊन टाकले. पुढे प्राप्तिकर खात्याने मागणी काढली ८५,४४२ डॉलरांची. व्याजासह ती एक लाख बहात्तर हजारांवर गेली. १९५४ मध्ये पक्षाघाताने तो अंथरुणाला खिळला होता. १९६१ मध्ये पंचवीस हजार डॉलरांवर तडजोड झाली, ती रक्कमही लोकांच्या देणग्यांतून उभी राहिली. २ सप्टेंबर १९६४ रोजी तो गेला. ग्रेसी १९८४ पर्यंत होती. जेम्सटाउनची शाळा राज्याच्या खर्चाने आजही चालते.