पावसाळ्यासाठी सरपणाची बेगमी : तोड, फोड आणि वाळवण

अलीकडे गावोगावी पेट्रोलवर चालणारे लाकूड कापण्याचे यंत्र, म्हणजे चेन सॉ, दिसू लागले आहे. बांधावरच्या बाभळीचे तुकडे करण्यास पूर्वी दोन गड्यांना कुऱ्हाड-करवतीने दोन-तीन दिवस लागत. आता ते काम एका सकाळी उरकते. मात्र काम सोपे झाले की ते पुढे ढकलले जाते. "मशीन आहेच, मे महिन्यात बघू," असे म्हणता म्हणता रोहिणी नक्षत्र येऊन ठेपते.

मागे एकदा ऐन श्रावणात एका शेतकरी बंधूंच्या वस्तीवर जाण्याचा योग आला. पडवीत गोल ओंडक्यांची नीट रास रचलेली होती, वर ताडपत्री होती. सालीखाली पांढरी बुरशी धरली होती. आत त्यांच्या मातोश्री चुलीत फुंकणी घालून बसल्या होत्या, आणि चहाचे आधण येईपर्यंत आम्हा सर्वांचे डोळे पाणावले. लाकूड मेच्या अखेरीस तोडले होते. यंत्राने तोडणीचे दिवस वाचवले. वाळवणीचे महिने कोणतेही यंत्र वाचवू शकत नाही.

केंद्र शासनाची उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि गॅसची शेगडी बहुतेक घरांत पोहोचली. तरीही आंघोळीच्या पाण्याचा बंब, भाकरी, जनावरांचे आंबोण यांसाठी सरपण लागतेच. म्हणून ते नीट कसे तयार करावे हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

ओले लाकूड धूर का करते?

ताज्या तोडलेल्या लाकडात साधारणपणे वजनाच्या ४० ते ५० टक्के पाणी असते. १० किलो ओले लाकूड चुलीत घातले, तर त्यात साडेचार किलो पाणी आणि साडेपाच किलो खरे लाकूड आहे असे धरू. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे ६२० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे साडेचार किलोस २,८०० च्या आसपास. कोरड्या लाकडाच्या प्रत्येक किलोपासून सुमारे ४,५०० किलोकॅलरी मिळतात. साडेपाच किलोचे जवळजवळ २५,००० होतात. या हिशेबाने केवळ नववा हिस्सा पाणी उडवण्यात जातो. मग एवढा त्रास का व्हावा?

खरे नुकसान या हिशेबात दिसत नाही. लाकूड तापले की त्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायुरूपाने बाहेर पडतो. ज्वाळ म्हणतो ती हेच वायू पेटल्याने होते. मागे उरतो तो कोळसा. हे वायू पूर्ण जळण्यासाठी चुलीच्या पोटात ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान लागते. ओल्या लाकडातील पाणी विस्तव तिथवर पोहोचूच देत नाही. वायू न जळताच बाहेर पडतात, आणि त्यालाच आपण धूर म्हणतो. भांड्याच्या बुडाची काजळी आणि आढ्याला लोंबणारी जळमटे म्हणजे न जळता वाया गेलेले सरपणच होय.

त्या धुरातील बारीक कण व कार्बन मोनॉक्साइड घरातील स्त्रिया आणि त्यांच्याजवळ बसलेली लहान मुले श्वासावाटे घेतात. जुनाट खोकला, दम्यासारखा विकार, मुलांचा न्यूमोनिया यांच्याशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा प्रदूषणामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. सरपण वाळवण्याचे काम बहुधा पुरुषांच्या हाती आणि धूर सोसण्याचे बायकांच्या, त्यामुळे कंटाळा कोणी केला आणि खोकला कोणाला लागला, हे एकमेकांना कळत नाही.

तोड केव्हा व कशी करावी?

तोड मार्गशीर्ष ते माघ, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उरकावी. पुढे येणारे तीन-साडेतीन महिन्यांचे कोरडे ऊन हीच आपली भट्टी. सुबाभूळ बुंध्यापासून पुन्हा फुटते, त्यामुळे ती गुडघाभर उंचीवर, पाणी निथळेल असा तिरका काप देऊन तोडावी. बाभूळ सहसा नीट फुटत नाही. तिच्या फांद्याच घ्याव्यात आणि झाड राखावे. आंबा, चिंच, साग, खैर, मोह, हिरडा, फणस अशी झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाखाली त्यांना परवानगी लागते. शंका असल्यास यंत्र सुरू करण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे.

काही लाकडे चुलीत नकोतच. कण्हेर विषारी आहे. बिब्ब्याचा चीक व धूर दोन्ही उततात. चेहरा सुजून आलेली माणसे मी पाहिली आहेत. रंग दिलेले जुने दार-खिडक्यांचे लाकूड आणि पेटवणासाठी प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा हेही टाळावे. तुरीच्या व कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवणास उत्तम.

चेन सॉ वापरताना

उभे झाड पाडणे हे सराईत माणसाचेच काम आहे. ते त्याच्याकडून करून घ्यावे व आपण आडव्या लाकडाचे तुकडे करावेत. यंत्राच्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग सर्वांत घातक. तो लाकडाला टेकला की साखळी अडते आणि संपूर्ण यंत्र क्षणार्धात उसळून तोंडाकडे येते. ढिगातील फांदी कापताना मागची एक फांदी मला दिसली नव्हती. पट्टी खांद्यावरून गेली, सदरा फाटला, एवढ्यावरच निभावले. त्या दिवसापासून ढिगात यंत्र घालत नाही. एकेक फांदी ओढून बाहेर घेतो. यंत्र दोन्ही हातांनी, अंगठे मुठीभोवती वळवून धरावे, खांद्याच्या वर उचलू नये, शिडीवर किंवा झाडावर चढून तर कधीच चालवू नये. पुढची ब्रेकची दांडी चालते की नाही हे रोज पाहावे. धोतर, उपरणे, पदर, मफलर यंत्राजवळ नको. चष्मा, बंद बूट आणि कानात बोळे असावेत.

दोन टोकांवर टेकलेला ओंडका वरून थेट कापत गेल्यास मधे खचतो आणि पट्टी चिमटीत धरतो. म्हणून वरून तिसरा हिस्सा कापावा, उरलेले खालून. बांधावरच्या झाडांत कुंपणाची तार व खिळे मुरलेले असतात. ते आधी शोधावेत, नाहीतर एका क्षणात सगळे दात जातात.

भुग्याकडे लक्ष ठेवावे. जाड कीस पडत असेल तर साखळीला धार आहे. पिठासारखा भुगा पडू लागला की थांबून गोल कानशीने प्रत्येक दाताला सारखेच हात द्यावेत. बोथट साखळीवर माणूस जोर लावतो, आणि अपघात तेव्हाच होतो. पेट्रोलमध्ये टू-टी तेल पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात मिसळावे; ५०:१ असेल तर लिटरला २० मिलिलिटर. साखळीचे तेल वेगळ्या टाकीत असते, ते विसरू नये. हल्लीचे पेट्रोल इथेनॉलमिश्रित असते व ओल धरते; हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवावी. इंजिन थंड झाल्याशिवाय, आणि वाळल्या गवतात, पेट्रोल भरू नये.

फोड आणि वाळवण

पूर्वी कुऱ्हाडीमुळे लाकूड आपोआप ढलप्यांत निघे. यंत्राने गोल ओंडके निघतात आणि ते तसेच राहतात, हीच खरी गोम आहे. लाकडातील पाणी उभ्या रेषांच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या तोंडातून, झपाट्याने निघते; सालीतून जवळजवळ निघतच नाही. म्हणून तुकडे आखूड करावेत व फोडावेत. चुलीसाठी हातभर लांब आणि मनगटाएवढे जाड, बंबासाठी वीतभर. बंबाच्या मधल्या नळीत वरून तुकडे सोडायचे असल्याने जाड लाकूड तिथे अडून धूर कोंडतो. बाभूळ ओली असतानाच फोडावी. वाळल्यावर ती कुऱ्हाडीला दाद देत नाही, हे आपणास सांगायला नकोच.

ढलपे दगड किंवा जुन्या विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच, वारा खेळेल असे आडवे-उभे रचावेत. घराच्या मातीच्या भिंतीला टेकवू नयेत. वाळवी तिथूनच चढते. झाकायचे तर फक्त माथा झाकावा. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळल्यास आतल्या आत घाम सुटतो आणि बुरशी येते. मृग लागण्यापूर्वी रास पडवीत हलवावी.

वाळले की नाही हे ताडण्यासाठी दोन-तीन ढलप्यांवर खडूने खूण करून फोडल्याच दिवशी त्यांचे वजन लिहून ठेवावे. दर पंधरा दिवसांनी पुन्हा तोलावे. वर धरलेल्या पाण्याच्या प्रमाणाने २ किलोचा ढलपा १,४०० ग्रॅमच्या खाली आला व उतरणे थांबले, की तो चुलीस तयार आहे. टोकांना भेगा दिसतात, साल सुटते, दोन ढलपे एकमेकांवर आपटल्यास बद्द न वाजता खणखणीत वाजतात.

चूल चांगली असली तर हेच सरपण आणखी पुरते. भारतीय मानकानुसार पंख्याविना चालणाऱ्या सुधारित चुलीची उष्णता-क्षमता किमान २५ टक्के, पंख्याच्या चुलीची ३५ टक्के असावी लागते. तीन दगडांच्या चुलीत ती १० टक्क्यांच्या आसपास राहते. धुराडे आढ्याच्या वर दोन-तीन फूट न्यावे व काजळी वरचेवर काढावी. धुराडे ओल्या लाकडाचा धूर घराबाहेर नेईल, पण वाया जाणारे सरपण वाचवणार नाही.

राशीत हात घालण्यापूर्वी काठीने हलवून घ्यावे, विशेषतः पहिल्या पावसानंतर. विंचू आणि घोणस दोघांनाही कोरडी जागा हवी असते. चुलीतील राख परसातील अळूला, नारळाला सरसकट टाकली जाते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ती चालते, पालाशही मिळते. चुनखडीच्या काळ्या रानात मात्र ती टाकू नये. तिथला सामू आधीच चढा असतो.