तिसरा हात

माणसाला देवाने दोनच हात का दिले, हा प्रश्न मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत कधी पडला नव्हता. गेल्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, तो पडला. आणि दसऱ्यापर्यंत त्याने माझा पिच्छा सोडला नाही. तो तिसरा हात आता आमच्या घरी आला आहे. बाजारात त्याला मोबाईलचा किंवा वेबकॅमचा स्टँड म्हणतात. यंदा दिवाळीच्या खरेदीत पुष्कळ घरांत तो येईल. म्हणून तो निवडताना मी खाल्लेल्या ठेचा सांगाव्या म्हणतो.

आम्ही मोऱ्याला राहतो. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच घारापुरी डावीकडे ठेवून जिथे टेकते, ते उरणचे मोरा बंदर. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत आगगाडी आली, त्याच दिवशी अटल सेतूही सुरू झाला. तरी मुंबईच्या कॉलेजात मराठी शिकवायला मी अजून लाँचनेच जातो. मोठ्या ओहोटीला गाळामुळे लाँच अडली, की कॉलेजात माझा तासही अडतो. विद्यार्थ्यांना ओहोटीच्या वेळा माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक आहेत!

घरात वडील आहेत. अण्णांचे वय ब्याऐंशी. प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आमचे आजोबा तलाठी. त्यांच्या शेजारी बसून अण्णा लहानपणी मोडी शिकले आणि ती विसरले नाहीत. पूर्वी आमच्याकडे घरटी एक तरी मोडी वाचणारा असे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत शिकवत. आता उलट आहे. कागद पुष्कळ, वाचणारे थोडे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीचे रुमालच्या रुमाल पडून आहेत. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी केवढी मागणी आली, ते वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना आठवत असेल. आमच्या भागात तर १९७० साली सिडको आली आणि गावोगावच्या जमिनी संपादनात गेल्या. तेव्हापासून ट्रंकेच्या तळाचा जुना कागद म्हणजे घरातला एक वडीलधारा माणूसच होऊन बसला आहे.

म्हणून माझ्या सात-आठ विद्यार्थ्यांनी अण्णांकडून मोडी शिकायचे ठरवले. कोणी धुळ्याला, कोणी पनवेलला, एक तर नोकरीनिमित्त मस्कतला. तेव्हा दर रविवारी फोनवरून वर्ग. आता मोडीची गंमत अशी, की छापील तक्त्यावरून ती वाचायला शिकता येते, लिहायला नाही. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग हात शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर वळवीत न्यायचे. वळण कोठून सुरू झाले आणि कोणीकडे फिरले, हे तक्ता सांगत नाही. त्यासाठी लिहिणारा हात दिसावा लागतो. म्हणजे कॅमेरा चेहऱ्यासमोर नव्हे, कागदाच्या बरोबर वर हवा.

पहिल्या रविवारी तो कॅमेरा मीच धरला. माझा फोन सुमारे २०० ग्रॅमचा, म्हणजे जुन्या हिशेबाने पावशेरसुद्धा नाही. पण हात लांब करून दहा मिनिटे धरा, म्हणजे पावशेराचा मण कसा होतो ते कळेल. विद्यार्थ्यांना त्या दिवशी थोडी मोडी, थोडा अण्णांचा कान आणि पुष्कळसा पंखा दिसला.

दुसऱ्या रविवारी मी शब्दकोशाचे चार जाडजूड खंड रचले आणि त्यांच्या कडेला रबराने फोन बांधला. सौ. दारातून म्हणाली, "पुस्तकाला पाय लागला तर मुलीला नमस्कार करायला लावता, आणि आज कोशाचा ओटा केलात होय?" मी विद्वत्तापूर्ण उत्तर देणार, तेवढ्यात फोन सुटला आणि थेट अण्णांच्या चहात पडला. पुढचे चार दिवस तो तांदळाच्या डब्यात होता.

तेव्हा मी लॅमिंग्टन रोड गाठला. त्या रस्त्यावर विजेच्या आणि संगणकाच्या वस्तूंची दुकानेच दुकाने. दुकानदाराने विचारले, "कुठला दाखवू?" मला स्टँड एवढेच नाव माहीत. त्याने दहा काढून ठेवले. त्यांतला सर्वांत स्वस्त मी उचलला. वाकेल तशी वाकणारी धातूची मान, एका टोकाला फोन धरायचा चिमटा, दुसऱ्या टोकाला टेबलाची कड पकडणारा क्लॅम्प. ही मान आपण वाकवू तिथे वाकते. आणि मिनिटाभराने स्वतःला वाटेल तिथे वाकते! वजन थोडे असले तरी ते टेकूपासून जितके दूर, तितका त्याचा ओढा जास्त. तरफेचा हा नियम शाळेत मी पाठ केला होता, समजला पंचेचाळिशीनंतर.

कॉलेजात हे दुःख सांगितले, तेव्हा रसायनाचे प्राध्यापक म्हणाले, "आमच्या प्रयोगशाळेतला ब्युरेटचा स्टँड न्या. पहिला वेबकॅम त्याच्यावरच होता." मला थट्टा वाटली, पण गोष्ट खरी. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतल्या मंडळींना कॉफीसाठी जिने चढून जावे लागे, आणि भांडे रिकामे मिळे. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतल्या असल्याच लोखंडी स्टँडला एक कॅमेरा बांधला आणि कॉफीच्या भांड्यावर रोखला. जागेवर बसून भांड्यात कॉफी आहे की नाही ते दिसू लागले. १९९३ साली ते चित्र जगाला खुले झाले आणि २००१ साली बंद झाले. पण त्यांना फक्त भांडे पाहायचे होते, आणि भांडे काही लिहीत नाही.

दुसऱ्या खेपेला मी स्प्रिंगांचा हात आणला. एकेक फुटाच्या दोन कांड्या, मध्ये कोपर, अंगाला स्प्रिंगा. याचा मूळपुरुष दिवा आहे. बाथ शहरातल्या जॉर्ज कारवर्डाइन नावाच्या मोटारीच्या इंजिनिअराने १९३२ साली गाड्यांचे धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगांचा अभ्यास करता करता असा दिवा काढला, की नेऊन सोडाल त्या जागी तो थांबेल. अँगलपॉइज म्हणून तो जगभर गेला. स्प्रिंगांनी वजन तोलून धरायचे, ही त्यातली युक्ती. मात्र स्प्रिंगा ठराविक वजनासाठी असतात. माझा हात जड मायक्रोफोनसाठी केलेला होता. फोन लावून सोडला, की तो सावकाश छताकडे निघे. शेवटी फोनशेजारी एक कुलूप बांधले, तेव्हा तो स्थिर झाला.

रविवारी वर्ग सुरू झाला. अण्णांनी बोरू दौतीत बुडवला, शिरोरेघ ओढली. आणि समोरच्या संगणकाच्या पडद्यावर अख्खा कागद नाचू लागला. बोरू टेकला की कागद उडे, वळण घेतले की अक्षर डोले. अण्णांच्या हाताला दोन वर्षांपासून कंप आहे. डॉक्टर म्हणतात, वयाचा आहे. घरात त्याविषयी कोणी बोलत नाही, सौ. त्यांचा चहाचा पेला अर्धाच भरते, एवढेच. अण्णा पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बोरू खाली ठेवला आणि हळूच विचारले, "माझा हात इतका हलतो?"

मला उत्तर सुचले नाही. पुढच्या रविवारी त्यांना कणकण होती. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे येणार होते, ते आले नाहीत. बोरू धुऊन, पुसून, डब्यात गेला.

मी टेबलाच्या आखूड पायाखाली पुठ्ठा घातला. डोलणे थांबले, थरथर राहिली. हात किती हलतो आणि टेबल किती, हे मला सांगता येईना. आणि ते सांगता आल्याशिवाय अण्णांना पुन्हा बसा म्हणण्याची हिंमत होईना.

उत्तर लाँचवर मिळाले. संध्याकाळी घरी येताना मुलीसाठी घारापुरीचे चित्र घ्यावे म्हणून मी फोन कठड्यावर टेकवला. चित्र फिसकटले. शेजारचा खलाशी म्हणाला, "मास्तर, कठड्याला टेकू नका. इंजिनाची थरथर येते त्यात. सुटा धरा." सुटा धरला, डोंगर नीट आला. मी तसाच उभा राहिलो. अहो, मी तरी दुसरे काय केले होते? ज्या टेबलावर हात चालतो, त्याच टेबलाला कॅमेरा बांधला होता! बारीकशी थरथर क्लॅम्पमधून वर चढून दोन फूट लांबीच्या टोकाला पोचेपर्यंत वाढत होती.

घरी येऊन टेप घेतली. टेबलासमोरच्या भिंतीत जुने फडताळ आहे. त्याची फळी दीड इंच जाड, क्लॅम्पचा जबडा दोन इंच उघडणारा. हात फळीला आवळला आणि टेबलावर मुद्दाम मूठ आपटली. पडद्यावर पेला हलला, चित्राची चौकट हलली नाही. फोन आडवा, तोंड खाली करून लावला, तेव्हा कागद उलटा दिसू लागला. चिमटा अर्धा फिरवून, फोनचे आपोआप फिरणे बंद करून तो सुलटा केला. खिडकी डावीकडे आली. लिहिताना उजेड डावीकडून घ्यावा, ही शाळेतली जुनी शिस्त इथेही कामी आली. हाताची सावली अक्षरावर पडेना.

मग अण्णांना बोलावले. ते आढेवेढे घेत बसले, 'श्री' काढला आणि मान वर केली. कागद थांबला होता. हलत होता तो फक्त हात, आणि तोही थोडा. ते बराच वेळ बघत होते. "एवढाच होय?" ते म्हणाले, आणि दुसरी ओळ आखायला घेतली.

तेव्हा वाचकहो, दुकानात जाण्यापूर्वी घरी दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली, काय दाखवायचे? नुसता चेहरा दाखवायचा असेल, तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आला की झाले. पोथीच्या ठवणीसारखा साधा स्टँड दोन पुस्तकांवर ठेवला तरी चालतो. खाली राहिला तर समोरच्याला नाकपुड्या आणि पंखा दिसतो. कागद, भरतकाम किंवा पुरणपोळी दाखवायची असेल, तर लांब हात हवा. आणि तो काम चालते त्या टेबलाला नव्हे, शेजारच्या फळीला किंवा वेगळ्या जड स्टुलाला बांधावा. दुसरी, ती कड किती जाड आहे? हे टेपने मोजून कागदावर लिहून न्या.

दुकानात सांधे हलवून बघा. बिजागरीचा सांधा एकाच बाजूला वळतो पण घट्ट बसतो. उखळीचा चहूकडे फिरतो, म्हणून तो टोकाला, फोनपाशी असावा. स्वतःचा फोन लावून हात सोडून द्या. तो खाली बसत नाही ना, वर निघत नाही ना, ते पाहा. वेबकॅम बसवायचा असेल तर कॅमेऱ्याचा नेहमीचा स्क्रू, पाव इंच व्यासाचा, इंचाला २० आट्यांचा, आहे का ते विचारा. आणि आमच्यासारखे खाऱ्या वाऱ्यात राहत असाल, तर उघड्या स्प्रिंगांना महिन्यातून एकदा तेलाचे बोट लावा. मोऱ्याचा वारा लोखंडावर दया करत नाही.

वर्ग अजून चालू आहे. परवा धुळ्याच्या मुलीचा गृहपाठ आला. अक्षर सुरेख; पण प्रत्येक वळणावर एक बारीकशी लाट. अण्णांनी भिंगातून पाहिले आणि खो खो हसत सुटले. मग फोनकडे तोंड करून तिला म्हणाले, "बाळ, ही लाट मोडीची नव्हे, माझी आहे. तेवढी सोडून बाकीचे घे."